धावत्या माणसांचे फोटो

(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रातलं भाषण. स्मरणिकेसाठी लिहून दिलं आहे. बोलण्याच्या ओघातले काही विनोद संपादकांनी सोयीने गाळले आहेत!)



पत्रिकेत माझ्या नावापुढे ‘क्रीडा छायाचित्रकार व सायकलपटू’ असं छापलंय. ते वाचून सकाळपासून मला दोनच प्रश्न आलेत. पहिला, ‘तू नक्की करतोस काय?’ आणि दुसरा, जरा आवाज खाली करून, ‘भागतं का रे त्याच्यावर?’ दोन्ही प्रश्न आपुलकीचे आहेत, म्हणून दोन्हींची उत्तरं देतो. त्यानंतर आपल्या सगळ्यांचं एक काम आहे, ते सांगतो.

मी कुठेही नोकरीला नाही. फोन आला की निघायचं, असा धंदा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा आमचा सुगीचा काळ. कबड्डी, खो-खो, कुस्त्यांची मैदानं, मॅरेथॉन, सायकल शर्यती, शालेय स्पर्धा, सगळं याच चार महिन्यांत येतं. कधी वर्तमानपत्र बोलावतं, कधी क्रीडा संघटना, कधी शर्यतीचे आयोजक, कधी बूट किंवा सायकली विकणारी कंपनी. उन्हाळ्यात लग्नसराई. हो, मी लग्नाचेही फोटो काढतो आणि त्यात मला काही कमीपणा वाटत नाही. माझ्या कितीतरी खो-खोच्या फोटोंचा खर्च नवरा-नवरीने केलाय, त्यांना माहीत नसलं तरी.

आता दुसरा प्रश्न. दहावीनंतर बाबा म्हणाले होते, ‘डी. एड. कर, जागा निघतील.’ आपल्यातल्या निम्म्या जणांनी केलं, आणि आज ते चांगले शिक्षक आहेत. मी सोलापूरला बी. ए. करता करता एका फोटो स्टुडिओत कामाला लागलो. २००४ साली माझा पहिला फोटो छापून आला, त्याचे १५० रुपये मिळाले. बाबांनी त्या नोटा घडी न मोडता पाकिटात ठेवल्या, पण जागांच्या जाहिराती वाचणं काही सोडलं नाही. आज काम केल्यावर पैसे साधारण दोन-तीन महिन्यांनी येतात. काही येतच नाहीत. मोठी लेन्स विकत घेणं परवडत नाही, मोठ्या स्पर्धेपुरती पुण्याहून भाड्याने आणतो. घराचे हप्ते माझ्या बायकोच्या पगारातून जातात, ती शिक्षिका आहे. माझ्या कमाईतून मुलांचं शिक्षण आणि कॅमेरे. तेव्हा उत्तर असं, की भागतं, पण एकट्याच्या बळावर भागलं नसतं. ज्यांची मुलं या क्षेत्रात येऊ म्हणतात त्यांना हे स्पष्ट सांगायला हवं.

त्यांना आणखी एक गोष्ट सांगा. कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. त्यातलं १७ वं कलम असं सांगतं, की सर्वसाधारणपणे फोटोचा पहिला मालक तो काढणारा असतो. पण कुणी पैसे देऊन तुमच्याकडून फोटो काढून घेतला आणि वेगळा करार केला नाही, तर पहिला मालक पैसे देणारा ठरतो. म्हणजे दिवसभराची मजुरी घेतली की फोटोही गेला. म्हणून मी आता काम घेण्याआधी दोन ओळींचा का होईना, लेखी करार करतो. त्यात एक वाक्य ठरलेलं असतं: खेळाडूला त्याच्या घरी लावायला फोटो देण्याचा हक्क माझ्याकडे राहील. हे वाक्य का, ते पुढे कळेल.

आता सायकल. आपण सगळेच बावीस इंची काळ्या सायकलवर शाळेत यायचो, आधी नळीखालून पाय घालून, मग सीटवरून. सोलापूरहून येताना लागणारा आपला घाट न उतरता कोण चढतो यावर पैजा लागायच्या. मी त्या पैजा फारशा जिंकल्या नाहीत, पण घाट चढायची खोड राहिली. तिशीत पहिली रेसिंग सायकल घेतली, तीही जुनी. पहाटे पाचला निघायचं, सोलापूर रस्त्याने किंवा नळदुर्गच्या बाजूला, उजाडता उजाडता परत. ट्रक, कुत्री आणि बाभळीचे काटे हे माझे प्रशिक्षक.

इथे एक घोळ दूर करतो, कारण फेसबुकवर तुम्ही माझं सगळ्याच गोष्टींसाठी अभिनंदन करता. बीआरएम म्हणजे शर्यत नव्हे. त्यात २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस तासांत आणि ६०० चाळीस तासांत पूर्ण करायचे असतात. वेळेत आला तो यशस्वी. पहिला-दुसरा असं काही नाही. शर्यत वेगळी. तिथे सगळे एकदम सुटतात, एकमेकांच्या मागच्या चाकाला चिकटून वारा चुकवतात आणि शेवटच्या काही शे मीटरमध्ये जीव तोडतात. मुंबई-पुणे शर्यत तुम्ही ऐकली असेल, त्यात बोरघाटात सर्वांत आधी वर पोहोचणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. आणि तिसरा प्रकार म्हणजे ‘रेस अक्रॉस अमेरिका’. सुमारे ४,८०० किलोमीटर, या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंत. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये दोघांच्या संघात ती पूर्ण केली. नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये एकट्याने पूर्ण केली. ती माणसं फार पुढची आहेत. मी चाळिशीपुढच्या गटात मधल्या घोळक्यात येणारा स्वार. पण त्या घोळक्यात असल्यामुळेच माझे फोटो सुधारले.

कसे, ते सांगतो. घाटातल्या शर्यतीत बहुतेक फोटोग्राफर माथ्यावर उभे राहतात, कारण तिथे फलक असतो, गर्दी असते. पण माथा दिसला की स्वाराचा चेहरा बदलतो. तो ओठ मिटतो, पाठ सरळ करतो, कॅमेऱ्याकडे बघतो. खरा चेहरा त्याच्या दोन-तीनशे मीटर आधी असतो. तिथे माथा अजून वळणामागे असतो, गिअर संपलेले असतात आणि वेग माणसाच्या पळण्याइतका उतरलेला असतो. हे मला कॅमेऱ्याने शिकवलं नाही, माझ्या मांड्यांनी शिकवलं. मी तिथे उभा राहतो.

थोडा हिशेब सांगतो, गणिताच्या सरांना बरं वाटेल. ताशी ४० किलोमीटरने जाणारी सायकल एका सेकंदात ११ मीटर जाते. शटर सेकंदाच्या हजाराव्या भागापुरतं उघडलं, तर तेवढ्यात ती जेमतेम एक सेंटिमीटर सरकते आणि फोटोत चाकाचे आरे मोजता येतात. शटर सेकंदाच्या तिसाव्या भागापुरतं उघडलं, तर ती एक फुटाहून जास्त सरकते. मग कॅमेरा तिच्याबरोबर फिरवावा लागतो. जमलं तर स्वार स्पष्ट आणि मागची झाडं वाहती दिसतात. नाही जमलं तर सगळंच वाहून जातं! पहिल्या फोटोत सायकल थांबल्यासारखी दिसते, दुसऱ्यात वेग दिसतो. कुणाला काय हवंय ते बघून ठरवायचं. आणि एक नियम मी कधी मोडत नाही. ज्या शर्यतीत उतरतो, तिथे कॅमेरा घरी. दोन्ही कामं मन लावून करायची आहेत, एकाच दिवशी ती होत नाहीत.

आता एक कडू गोष्ट, कारण नुसतं गोड सांगितलं तर ते खोटं होईल. २०१९ मध्ये एका शर्यतीत उतारावर रस्त्यावर डिझेल सांडलेलं होतं. पुढचे तिघे घसरले, त्यांच्यावर मी. गळपट्टीचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणाले, दीड महिना हात हलवायचा नाही. नोकरदाराला रजा असते, आमच्यासारख्याचा दीड महिना म्हणजे दीड महिन्याची चूल. तेही डिसेंबरात, ऐन सुगीत. तेव्हा या सभागृहातल्या चौघांनी काय केलं हे त्यांना आठवतही नसेल. मेडिकलवाल्याने उधारीची वही बाजूला ठेवली. एकाने स्वतःच्या पुतण्याला माझा कॅमेरा हातात दिला आणि दोन लग्नं पार पाडली. मी मांडवात खुर्चीवर बसून ‘आता दाब, आता दाब’ म्हणत होतो. एकाने आठवड्यातून दोनदा मला जीपमध्ये घालून तालुक्यातल्या शाळांच्या मैदानांवर नेलं, नुसतं बघायला. चौथीने माझ्या घरी दर शनिवारी भाकरी आणि ठेचा पाठवला. नावं घेतली तर ते चिडतील. पण त्या जीपच्या फेऱ्यांतूनच मला पुढचं सुचलं.

फोटो काढता येत नव्हता म्हणून मी पहिल्यांदा नीट बघत होतो. आपल्या भागातली पोरं कशी खेळतात ते. आणि डोक्यात एक प्रश्न आला, की आपल्या जिल्ह्याचे फोटो बाहेर कधी छापून येतात?

३० सप्टेंबर १९९३. आपण चौथीत होतो. पहाटे जमीन हलली. किल्लारी तिकडे लातूरची, पण आपल्याकडची सास्तूर आणि आसपासची गावंही गेली. मोठ्या लेन्सचे कॅमेरे मी आयुष्यात पहिल्यांदा बघितले ते त्या दिवसांत, उमरग्याच्या बाजूला जाणाऱ्या गाड्यांमध्ये. त्यानंतर दुष्काळ. २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं, तेव्हा देशभरचे फोटोग्राफर मराठवाड्यात होते. फाटलेली जमीन, रिकामी घागर, टँकरभोवतीची गर्दी. आणि तिसरं म्हणजे नवरात्र. भंडारा, संबळ, पोत, कवड्यांच्या माळा. हे सगळे फोटो खरे आहेत आणि निघायलाच हवेत. भूकंपाचे आणि दुष्काळाचे फोटो निघाले म्हणून मदत आली, हे मी विसरत नाही. पण बाहेरच्या माणसाने हेच तीन बघितले, तर त्याला वाटेल इथली माणसं रडतात, रांगेत उभी राहतात आणि नमस्कार करतात. ती धावतातही, हे त्याला कुठे दिसणार?

आणि धावणं तर आपल्या अंगणात आहे. घटस्थापना जवळ आली की काय होतं, आठवा. गावोगावची मंडळं टेम्पो घेऊन येतात, देवीच्या दारात ज्योत पेटवतात आणि ती घेऊन पळत गावी जातात. सोलापूर, बीड, लातूर, कर्नाटक. पोरं अनवाणी, दोघे-तिघे पळतात, बाकीचे टेम्पोत दम घेतात, मग बदली. रात्रभर. त्यात बक्षीस नाही, घड्याळ नाही, पण ज्योत विझू द्यायची नाही आणि थांबायचं नाही. कोजागरीला सोलापूरकडून ४५ किलोमीटर चालत येणाऱ्या माणसांनी रस्ता इतका भरतो, की वाहनं दुसरीकडे वळवावी लागतात. म्हाताऱ्या बायका चढतात आपला घाट, ज्यावर आपण पैजा लावायचो. मी चाळीस हजारांच्या सायकलवरून तोच घाट चढताना धापा टाकतो तेव्हा त्या मला म्हणतात, ‘उतर की लेकरा, चालत ये.’

आणि खो-खो. आपला जिल्हा या खेळात कुणाच्या मागे नाही. सारिका काळे धाराशिवची. २०१६ च्या गुवाहाटीतल्या दक्षिण आशियाई स्पर्धेत तिच्या नेतृत्वाखाली भारताच्या मुलींनी सुवर्णपदक जिंकलं, २०२० चा अर्जुन पुरस्कार तिला मिळाला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. दोन्ही अंतिम सामन्यांत आपण नेपाळला हरवलं, मुलींनी ७८-४० आणि मुलांनी ५४-३६ असं. त्या मुलींच्या संघात धाराशिवची अश्विनी शिंदे होती आणि कर्णधार होती प्रियंका इंगळे, आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यातली. त्याच बीडमधल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावला. तिथे कॅमेऱ्यांची कमी नव्हती. प्रश्न त्याच्या आधीच्या वर्षांचा आहे. तालुक्याच्या मैदानावर, चुन्याच्या रेघांवर ही मुलं पळतात तेव्हा फोटो काढायला कोण असतं? बक्षीस समारंभाला सगळे येतात. हार, शाल, ढाल, पाहुणे मधोमध आणि खेळाडू कडेला. खेळ संपल्यावरचा फोटो असतो, खेळाचा नसतो.

आपल्याच शाळेचं घ्या. आपल्या वेळी मुलींचा संघ विभागीय स्पर्धेपर्यंत गेला होता. ऑफिसच्या भिंतीवर त्याचा फोटो आहे, आज सकाळी आपण सगळ्यांनी बघितला. मुली ओळीने उभ्या, हात सरळ, नजर समोर, मध्ये ढाल. आपल्या वर्गातली एक जण त्या संघात होती. ती समोर बसली आहे, नाव घेत नाही. तिला पळताना मी बघितलंय. समोरून येणारीला खांद्याने उजवीकडची हूल द्यायची आणि डावीकडून निसटायची. मैदानाबाहेर आपण ओरडत असायचो, आणि पी. टी.चे सर एरवी कधी हसायचे नाहीत, ते शिट्टी तोंडात धरून हसायचे. दहावी झाली, लग्न झालं, खेळ संपला. तिच्या पळण्याचा एकही फोटो जगात कुठे नाही.

दोन वर्षांपूर्वी एका शालेय स्पर्धेत मी खांबाच्या तिरक्या रेषेत जमिनीवर आडवा पडून फोटो काढत होतो. खो-खोला तीच जागा चांगली. वरून घेतला तर फक्त केस दिसतात, खालून घेतला तर डोळे. एक मुलगी पळत होती आणि मला काही तरी ओळखीचं वाटत होतं. खांद्याची तीच हूल. नंतर फोटोखाली लिहायला नाव आणि गाव विचारलं, तेव्हा उलगडलं. आपल्याच मैत्रिणीची लेक. मी तो फोटो मोठा छापून तिच्या घरी नेऊन दिला. आपली मैत्रीण शेतातून आली होती, हाताला माती होती, म्हणून तिने फोटोला हात लावला नाही. लांबूनच बघितला, बराच वेळ. मग म्हणाली, ‘मी अशी पळायचे?’

मी म्हणालो, ‘अशीच.’ दुसरं काही मला सुचलं नाही.

करारातलं ते वाक्य त्या दिवसापासून आलं. तेव्हापासून वर्षातले दहा दिवस मी आपल्या तालुक्यातल्या आणि जिल्ह्यातल्या शालेय मैदानांवर स्वतःच्या खर्चाने जातो. प्रत्येक फोटोखाली पूर्ण नाव, शाळा, गाव आणि तारीख लिहितो. ‘ग्रामीण भागातील खेळाडू’ असं लिहीत नाही. त्या मुलीला गाव आहे, ते लिहायचं. फोटोची एक प्रत शाळेला, एक घरी. निवडीच्या वेळी किंवा क्रीडा प्रबोधिनीत अर्ज करताना तो फोटो उपयोगी पडतो की नाही, ते प्रत्येकाचं वेगळं. पण मुलगी पुढे खेळणार की नाही हे घरात ठरत असताना तो भिंतीवर असावा, एवढं मला वाटतं. आजोबा येता-जाता बघतात. पाहुणे विचारतात, ‘ही कोण?’ मग बापाला सांगावं लागतं. त्या सांगण्यात त्याचा आवाज बदलतो, हे मी दोन-तीन घरांत ऐकलंय.

दहा दिवस कमी पडतात. म्हणून आता आपलं काम. मला पैसे नकोत, या मेळाव्याच्या हिशेबात उगाच तो कॉलम टाकू नका. तीन गोष्टी हव्यात. एक, तुमच्या घरात, माळ्यावर, ट्रंकेत शाळेच्या क्रीडा दिनाचे, जत्रेतल्या कुस्तीचे, ज्योतीबरोबर पळतानाचे जुने फोटो असतील तर आणा. मी त्यांची प्रत काढून मूळ फोटो त्याच दिवशी परत देईन. मागे कुणाचं नाव लिहिलं नसेल तर आजच घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून पेन्सिलने लिहा. नावं सांगणारी माणसं कमी होत चालली आहेत. दोन, आपल्यातले जे शिक्षक आहेत त्यांनी सामन्यांच्या तारखा मला आठवडाभर आधी कळवा. आणि तीन, तुमच्या फोनमध्येही चांगला कॅमेरा आहे. पोरांच्या सामन्याला गेलात तर बक्षिसाची वाट बघू नका. मैदानाच्या कडेला खाली बसा, कपडे मळू द्या, आणि खेळ चालू असताना बटण दाबा. शंभरातले नव्याण्णव बिघडतील. माझेही बिघडतात.

सर, बाई, तुम्ही आम्हाला मैदानावर पळायला सोडलंत, ऑफ तासाला सुद्धा, याबद्दल आमच्या पूर्ण वर्गाच्या वतीने आभार. उद्या सकाळी साडेपाचला मी घाटाकडे निघतोय. ज्यांच्याकडे सायकल आहे त्यांनी यावं. वेग कमी ठेवीन, चहा माझ्याकडून.